पहिलं पान अण्णांचं

अण्णा पुस्तक आधी नाकावर पाडून बघायचे.

अंगणातल्या लिंबाखाली त्यांची बाज असायची. तिच्यावर उताणे पडायचे, पुस्तक दोन्ही हातांनी तोंडासमोर वर धरायचे, डोळे मिटायचे आणि हात सैल सोडायचे. नाकाला लागलं नाही तर ते पुस्तक उन्हाळ्यात वाचायच्या लायकीचं. लागलं तर परत ट्रंकेत.

"उनाळ्यात वाचता वाचता डोळा लागणारच की," ते म्हणायचे. "न्हाई लागला तर त्यो उनाळा कसला? पुस्तकानं माणसाला इजा करायची न्हाई. बास."

या एका परीक्षेत भलीभली जाड पुस्तकं नापास झालेली मी पाहिली आहेत.

अण्णा माझे घरमालक. माझं घर साताऱ्याला. बायको तिथं शाळेत शिकवते, मुलगीही तिथंच शिकते. माझी बदली सांगलीच्या कार्यालयात झाली तेव्हा विश्रामबागेत अण्णांची मागची खोली मिळाली आणि काही वर्षं मी तिथंच राहिलो. शनिवारी साताऱ्याला जायचं, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत यायचं. माझा स्वभाव असा की साताऱ्यात असलो की कचेरीतलं काम टाकून आल्यासारखं वाटतं, आणि सांगलीत असलो की बायकोवर संसार टाकून आल्यासारखं. हातात गोष्टीचं पुस्तक घेतलं की दोन्ही एकदम वाटतं. अशा माणसाला अण्णांसारखा घरमालक मिळावा, याला मी आता नशीब म्हणतो. तेव्हा म्हणत नव्हतो.

अण्णा मूळचे जतकडचे. घराणं मेंढपाळांचं. फौजेत ड्रायव्हर होते, हवालदार होऊन परतले आणि विश्रामबागेत जागा घेऊन घर बांधलं. बायको वारलेली. स्वतः पुढच्या दोन खोल्यांत राहायचे, बाकीच्या भाड्यानं दिलेल्या. मेंढरं सुटली होती, पण मेंढपाळ सुटला नव्हता. दिवस मावळला की पायऱ्यांवरच्या चपला बघत फिरायचे. कोण आलं, कोण यायचंय, हे त्यांना चपलांवरून कळायचं. एखादा जोड दिसला नाही तर काठी टेकत फाटकापर्यंत जाऊन रस्त्याकडं बघत उभे राहायचे. मला एकदा कचेरीत उशीर झाला, तर आल्या आल्या म्हणाले, "सायेब, लांडगं लय झाल्यात शहरात. लवकर येत जावा."

ती ट्रंक फौजेतली. काळ्या पत्र्याची, वर पांढऱ्या रंगात त्यांचं नाव आणि नंबर, निम्मे पुसलेले. आत रद्दीच्या दुकानांतून निवडून आणलेली पुस्तकं. गुढी उभारली की ट्रंक अंगणात यायची, पुस्तकं उन्हाला बसायची, आणि त्या दिवसापासून मिरगापर्यंत घरातल्या प्रत्येक भाडेकरूकडं एक पुस्तक असलंच पाहिजे. हे करारात लिहिलेलं नव्हतं, पण पाणी जपून वापरायच्या अटीपेक्षा ही अट कडक होती. मिरगाला लिंबाचा पाला घालून ट्रंक बंद. पावसाळ्यात अण्णा कुणालाही पुस्तक द्यायचे नाहीत. "पावसाळ्यात पुस्तक फुगतंय आन माणूस सुस्तावतंय. वाचायचं काम उनाचं. बाहेर जाता येत न्हाई, झोपून झोपून किती झोपणार? मग माणूस दुसऱ्याच्या गावाला जाऊन येतंय."

निवडायची मुभा नव्हती. माणूस बघून ते द्यायचे. वरच्या खोलीत अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी होता, प्रेमभंग होऊन चार दिवस जेवला नव्हता. त्याला त्यांनी भुतांच्या गोष्टी दिल्या. "भुतं वाच गड्या. पोरीचं भ्या जाईल." मला पहिल्या वर्षी दिलं ते कुणाच्या तरी प्रवासाचं पातळसं पुस्तक. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "तुमी सातारा-सांगली सोडून कुठं गेलाय?"

आणि पुस्तक देताना एक विधी ठरलेला. अण्णा उभे राहायचे, चष्मा लावायचे आणि पहिलं पान मोठ्यानं वाचायचे. फौजेत हुकूम वाचून दाखवावा तसं, एका सुरात, स्वल्पविराम न मानता. पान संपलं की वाक्य अर्धं असलं तरी थांबायचे, पुस्तक मिटायचे आणि समोरच्याच्या हातात द्यायचे.

"पहिलं पान माझं. फुडलं तुमचं. मिरगाच्या आधी येऊन सांगायचं, फुडं काय झालं."

अण्णांनी ट्रंकेतलं एकही पुस्तक पहिल्या पानाच्या पुढं वाचलेलं नव्हतं, हे कळल्यावर मला धक्काच बसला होता. तरी ते छातीवर हात ठेवून सांगायचे, हे वाचा, हे लय ब्येस हाय. त्यांना ठाऊक असायचं ते मागच्या उन्हाळ्यात कुणीतरी सांगितलेलं.

एका दुपारी आम्ही दोघं लिंबाखाली शेंगा फोडत बसलो होतो, तेव्हा मी विचारलं, "अण्णा, तुम्हाला वाचता येतं. मग पुढचं का नाही वाचत?"

"सवय न्हाई."

"म्हणजे?"

मग त्यांनी सांगितलं. दिवाळी झाली की त्यांचं घर मेंढरं घेऊन निघायचं. जतला पाणी नसायचं, म्हणून कृष्णाकाठाला, उसाच्या पट्ट्यात. शेतात मेंढरं बसवायची, खत द्यायचं, पुढच्या गावाला जायचं. परत यायचं ते मिरगाच्या तोंडावर. त्यामुळं शाळेचं पुस्तक दर वर्षी दिवाळीपर्यंतच. त्यापुढचे धडे त्यांना कधी लाभले नाहीत.

"मग परत आल्याव सुताराच्या पोराला गाठायचं. माझ्या बाकावर बसायचा. त्येला म्हणायचं, फुडं काय झालं? मग त्यो सांगायचा. त्यातबी एक बैलाचा धडा हुता. म्हातारा बैल, मालक बाजारला न्हेतोय इथवर माझं वाचून झाल्यालं. फुडचं सुताराच्या पोरानं सांगितलं. बैल बाजारातनं पळाला आन आपल्या आपण घरी आला. मला लय ग्वाड वाटलं. लय दिस त्या बैलाचा इचार करत मेंढरामागं हिंडायचो."

"चांगलाय की धडा."

"न्हाई. फौजेत एका सोबत्याच्या पोराकडं त्येच पुस्तक घावलं. वाचलं. बैल मेल्याला हुता."

ते शेंगा फोडत राहिले.

"मग त्या मित्राला विचारलं नाही तुम्ही?"

"काय इचारायचं? त्यानं मला बैल जिता करून दिल्ता."

त्यानंतर त्यांनी पहिल्या पानापुढं वाचायचं सोडून दिलं, की त्याआधीपासूनच सोडलेलं होतं, ते मी विचारलं नाही.

मिरगाच्या आधी संध्याकाळी पायऱ्यांवर सांगण्याची बैठक भरायची. अण्णा बाजेवर, आम्ही पायऱ्यांवर. माझी पाळी आली की मला कचेरीत वरिष्ठांसमोर उभं राहिल्यासारखं व्हायचं. मी पुस्तक खरोखर वाचलेलं असायचं, शेवटच्या पानापर्यंत. एकही नाव चुकायचं नाही. पहिल्या वर्षी दहाएक मिनिटं सांगून झाल्यावर अण्णा म्हणाले, "सायेब, ही गोष्ट हाय का टिपणी?"

सगळे हसले. मीही हसलो, पण खोलीत गेल्यावर वाईट वाटत राहिलं.

बैठकीचा राजा होता तो शेजारच्या खोलीतला कंडक्टर. एसटीत होता, घर कऱ्हाडकडं. ड्यूटीवरून आला की खाकी शर्टाची वरची दोन बटणं सोडून पायरीवर बसायचा आणि सुरू करायचा. त्याचं ऐकताना अण्णा बाजेवर उठून बसायचे. मधेच म्हणायचे, "आरं तिच्या," आणि काठी जमिनीवर आपटायचे.

एका वर्षी अण्णांनी कंडक्टरला एक जुनी कादंबरी दिली. पातळ, मऊ पुठ्ठ्याची, नाकाच्या परीक्षेत अव्वल. पहिल्या पानावर लग्नाचं वऱ्हाड निघालेलं. पहाटेची वेळ, बैलगाड्यांची रांग, आणि पुढच्या गाडीत वाजंत्री झोपलेला. पान तिथंच संपत होतं.

मिरगाच्या आधी कंडक्टरनं सांगितलं ते असं. वाजंत्री झोपला, गाडीवानही पेंगला, आणि बैलांनी आपली रोजची बाजाराची वाट धरली. मागच्या सगळ्या गाड्या त्याच वाटेनं. वऱ्हाड पोचलं ते भलत्याच गावात. पण त्या गावातही त्याच दिवशी लग्न, आणि तिथला नवरदेव अजून आलेला नाही. गावकऱ्यांना वाटलं, हेच आपलं वऱ्हाड. ओवाळलं, पाय धुतले, जेवायला वाढलं. वऱ्हाडानंही जेवून घेतलं.

"मग अंतरपाट धरला," कंडक्टर म्हणाला. "आन अंतरपाटाखालनं नवरीला दिसलं नवरदेवाचं पाय. तिनं बघून ठेवल्यालं तेच्या पायाला सहा बोटं. हितं तर पाचच. नवरी वरडली, ह्यो न्हवं."

अण्णा हसता हसता बाजेवर आडवे झाले. डोळ्यांना पाणी आलं. म्हणाले, "आरं, मग फुडं?" आणि कंडक्टर पुढं सांगत राहिला. दुसरं वऱ्हाड येतं, दोन नवरदेव, एक नवरी, संपलेलं जेवण. विद्यार्थी हसून हसून पायरीवरून खाली घसरला. त्याचा प्रेमभंग तोवर बरा झाला होता.

मलाही ती गोष्ट इतकी आवडली की मिरगाच्या आधीच्या शनिवारी मी अण्णांकडून ते पुस्तक मागून घेतलं आणि साताऱ्याच्या गाडीत वाचायला काढलं.

पुस्तकात वऱ्हाड बरोबर गावात पोचलं होतं. मुलगी शिकत होती, तिला न विचारता दिली होती. सासर वाईट नव्हतं. सगळं आपलं चाललं होतं. मग बाप भेटायला येतो. ती आतल्या खोलीत असते, बापाचा आवाज तिला ऐकू येतो, पण ती बाहेर येत नाही. बाप ओसरीवर पाणी पिऊन जातो. पुन्हा येतो, पुन्हा तसंच. त्यानंतर तो येतच नाही. कुणी मरत नाही, कुणी ओरडत नाही, आणि पुस्तक संपतं. मला ते लागलं. उंब्रजच्या पुढं बाहेर बघत बसलो ते सातारा येईपर्यंत.

सोमवारी कंडक्टरला गाठलं. तो अंगणातल्या नळाखाली डबा धूत होता.

"तुम्ही ते पुस्तक वाचलंच नाही."

"कंचं?"

"वऱ्हाडाचं."

त्यानं डबा उपडा घातला. "सायेब, बारा-बारा तास उभा असतोय मी. गाडीत आवाज, घरी आलं की कानात आवाज. मी कवा वाचू?"

"पण मग अण्णांना असं..."

"अण्णा काय म्हणतेत? फुडं काय झालं ते सांग. पुस्तकातलंच सांग असं कवा म्हणलं?" मग माझ्याकडं बघून म्हणाला, "तुमी खरं सांगता. कोण हसतंय?"

मी अण्णांना काही बोललो नाही, पण ते अण्णांच्या काळजीपोटी की कंडक्टरवर जळतो हे उघडं पडेल म्हणून, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

पुढच्या उन्हाळ्यात अण्णांची लेक आली.

तिच्याबद्दल मला थोडं माहीत होतं. ती एकुलती एक. जतला अकरावीत होती, हुशार होती. अण्णा सुट्टीवर आले, म्हसवडकडचं एक घर बघितलं, जमीन बघितली, विहिरीचं पाणी चाखून बघितलं आणि शब्द देऊन आले. मुलगी कॉलेजातून घरी आली तेव्हा सुपारी फुटली होती. सुट्टी संपायच्या आत लग्न लावून अण्णा परत फौजेत. नवरा चांगला निघाला. पण त्याबद्दल तिनं बापाचे आभार मानले नाहीत. आईच्या दिवसाला आली होती तेवढीच, तीही दिवसभर बायकांत बसून संध्याकाळच्या गाडीनं गेली. म्हसवडला सिद्धनाथाच्या दर्शनाला म्हणून अण्णा वर्षातून एकदा जायचे. लेकीच्या घरी जायचे की नाही, ते सांगायचे नाहीत. आता ते पुस्तक वाचल्यावर मला वाटायला लागलं की जात असावेत, आणि ओसरीवर पाणी पिऊन येत असावेत.

या सगळ्यावर अण्णा माझ्याशी एकदाच बोलले होते. "फौजेत गाडी हाणताना मागं कोण बसलंय ते इचारायचं नसतं. घालायचं गेरमधी आन निघायचं. घरी आल्याव बी तसंच केलं मी."

तिच्या नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन मिरजेत ठरलं. दवाखान्यात नवऱ्यापाशी पुतण्या झोपणार होता. दिवसभर ती बसणार आणि रात्रीपुरती जवळ म्हणून बापाच्या घरी येणार. तिनं स्वतः फोन केला नव्हता, जावयानं केला. ती येणार कळल्यापासून अण्णांनी ट्रंक बंदच केली नाही. रोज पुस्तकं काढायचे, बाजेवर पडायचे, नाकावर पाडायचे, बाजूला ठेवायचे.

"दिसभर दवाखान्यात बसायचं," ते म्हणाले. "उनाची. वासात. काय तरी हसायचं पायजे तिला." आणि थोड्या वेळानं, "पुस्तकं सुटली तिची माझ्यापायी. तवापासनं मी तिला काय सुदिक दिलं न्हाई. दिलं तर घेईल का, सायेब?"

संध्याकाळी कचेरीतून आलो तर वऱ्हाडाचं पुस्तक बाजेवर वेगळं काढलेलं.

"अण्णा, हे नको. दुसरं काहीतरी द्या." मी ट्रंकेतून एक विनोदी पुस्तक काढून त्यांच्या हातात दिलं. ते आडवे झाले, हात सोडले.

"पुठ्ठा कडक हाय. लागतंय."

"मग हे घ्या."

"हे कुणीच अजून सांगितल्यालं न्हाई. काय हाय कुणाला ठावं. आन ह्येच्यात," त्यांनी वऱ्हाडाच्या पुस्तकावर हात ठेवला, "दोन नवरदेव, एक नवरी. लगनाचीच गंमत हाय. लगनावर हसली न्हाई ती कवा. हासंल." मग माझ्याकडं बघितलं. "तुमी बी वाचलंय न्हवं? मागं न्हेलं हुतं. कसं हाय?"

तोंडाशी सगळं आलं होतं. सांगितलं तर कंडक्टर खोटा ठरतो, गेल्या उन्हाळ्यातलं ते हसणं खोटं ठरतं, आणि बैल पुन्हा मरतो. नाही सांगितलं तर बापानं आयुष्यात दिलेलं पहिलं पुस्तक उघडून लेक त्यात स्वतःलाच बघणार, आणि तिला वाटणार की म्हाताऱ्यानं हे मुद्दाम दिलं. मी तेवढ्या वेळात एवढंच म्हणू शकलो, "चांगलं आहे."

ते खोटं नव्हतं. पुस्तक चांगलंच होतं.

ती आली. चाळिशीच्या आसपासची, उन्हानं रापलेली, बोलणं कमी. सकाळी ती डबा बांधून निघाली तेव्हा अण्णा अंगणात उभे होते. चष्मा लावलेला. त्यांनी तिला थांब म्हटलं नाही, नुसतं पहिलं पान वाचायला सुरुवात केली. ती पायरीवर थांबली. वाजंत्री झोपला, पान संपलं.

"ह्ये घे, बाय. दवाखान्यात वाच. लय हसायचं हाय," म्हणत त्यांनी कंडक्टरची सगळी गोष्टच तिला सांगून टाकली. बाजाराची वाट, पाय धुणं, अंतरपाट, सहा बोटं. असं ते कधी करत नसत. पुढचं आधी सांगितलं तर वाचणाऱ्याचा वाटा जातो, असं त्यांचंच मत होतं. बहुतेक भीतीनं सांगितलं, की नुसत्या पुस्तकाला ती हात लावणार नाही.

तिनं पुस्तक घेतलं, डब्याच्या पिशवीत घातलं आणि गेली.

दोन दिवसांनी मी मिरजेला तिच्या नवऱ्याला बघायला गेलो. खरं तर तिला बघायला गेलो. ती बाहेरच्या बाकावर बसली होती, पुस्तक मांडीवर, बोट शेवटच्या पानांत.

"वहिनी" म्हणावं की "ताई" म्हणावं, मला सुचेना. "ताई, बरे आहेत का आता?"

"बरं हाय. बसा." मग तिनं पुस्तक वर धरलं. "तुमी वाचलंय?"

"हो."

"मग अण्णांनी सांगितली ती गोष्ट कुठली?"

मी सांगितलं. कंडक्टरचं, पायऱ्यांवरच्या बैठकीचं, पहिल्या पानाचं. सुताराच्या पोराचं आणि बैलाचंही सांगितलं. ते तिला माहीत नव्हतं. ऐकताना ती माझ्याकडं बघत नव्हती, औषधाच्या दुकानासमोरच्या रांगेकडं बघत होती.

"म्हंजे ह्यात काय हाय ते त्येनला ठावं न्हाई."

"नाही. मी सांगायला हवं होतं. चूक माझी आहे."

"तुमची कशानं?" ती म्हणाली. "पहिलं पान बघून देऊन टाकायची त्यांची सवय जुनीच हाय."

तिनं पुस्तक पिशवीत ठेवलं आणि म्हणाली, "चहा घेऊन जावा."

त्या शनिवारी साताऱ्यात मी मुलीच्या खोलीत गेलो. तिच्या परीक्षा झाल्या होत्या आणि पुढच्या वर्षीच्या क्लासची पुस्तकं मी आधीच आणून टेबलावर रचली होती. तिला विचारलं, सुट्टीत तुला काय वाचावंसं वाटतं? ती माझ्याकडं बघत राहिली आणि आत आईला म्हणाली, "आई, बाबांना बरं नाहीये का?"

जावयाला दवाखान्यातून घरी सोडायच्या आदल्या संध्याकाळी बैठक भरली. मिरगाला अजून अवकाश होता, पण लेक सकाळी जाणार म्हणून अण्णांनी ती लवकर बोलावली. कंडक्टर आला, वरचा विद्यार्थी आला. ती पायरीच्या कडेला बसली. मी भिंतीला टेकून उभा होतो. बसवेना.

अण्णा बाजेवर सरळ बसले होते. काठी दोन्ही हातांत.

"मग बाय. फुडं काय झालं?"

ती म्हणाली, "वाजंत्री झोपला. गाडीवान पेंगला. बैलांनी धरली बाजाराची वाट."

कंडक्टरनं चमकून माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

ती सांगत गेली. कंडक्टरपेक्षा संथ, पण तिचं तिचं काहीतरी घालत. वऱ्हाडाचे पाय धुणाऱ्या म्हातारीला डोळ्यांनी कमी दिसत होतं, म्हणून तिनं एका बैलाचेही पाय धुतले. जेवणात मीठ जास्त झालं होतं तरी कुणी बोललं नाही, कारण पाहुण्यांनी बोलायचं नसतं आणि यजमानांना वाटलं पाहुण्यांकडं तसंच खातात. विद्यार्थी खिदळायला लागला. अण्णा हळूहळू सैल झाले. काठी एकदा आपटली.

"मग अंतरपाट धरला," ती म्हणाली. "नवरीनं खालनं पाय बघितलं. म्हणली, ह्यो न्हवं."

अण्णा हसले.

"तवर दुसरं वऱ्हाड आलं. दुसरा नवरदेव उभा क्येला. नवरीनं बघितलं, सहा बोटं. भटजी म्हणला, ह्योच न्हवं का? नवरी म्हणली, ह्यो बी न्हवं. मला कुणीच नगं. मला बारावीला बसायचं हाय."

विद्यार्थी मोठ्यानं हसला आणि एकटाच हसतोय हे लक्षात येऊन थांबला. कंडक्टर हसला नाही. हे त्याचं नव्हतं.

अण्णा काठीकडं बघत होते. तसंच बघत त्यांनी विचारलं, "आन बाप काय म्हणला?"

"ते तुमी सांगा."

"मी? मी कुठं वाचलंय?"

"तरी सांगा."

फाटकाबाहेरून कुणाची तरी मोटारसायकल गेली. अण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पण परत लावला नाही.

"बाप म्हणला," ते म्हणाले, आणि थांबले. पान संपल्यावर थांबायचे तसे. मग कधी नव्हे ते पुढं गेले. "बाप म्हणला, तुला इचारायचं माझ्या ध्यानातच आलं न्हाई, बाय. सुट्टी कमी हुती, पर त्ये काय कारण न्हवं. इचारायला पायजे हुतं."

तिनं पदरानं कपाळ पुसलं आणि उठली.

"असंच हाय पुस्तकात," ती म्हणाली.

पुस्तकात तसं नाही. मी वाचलंय.

सकाळी ती निघाली तेव्हा अण्णा ट्रंकेपाशी उभे होते. पुस्तक परत घेतल्याशिवाय ते कुणाला जाऊ देत नसत. तिनं पिशवी खांद्याला लावली.

"थोडं ऱ्हायलंय वाचायचं," ती म्हणाली. "म्हसवडला या, तवा घेऊन जावा."

अण्णांनी मान हलवली. ती गेल्यावर पायरीवरच्या चपला बघत बसले, दिवस मावळायला अजून वेळ होता तरी.